पिकअप हवाच, पण डिकीही हवी

चेन्नईहून जीएसटी रोडने चेंगलपट्टूच्या दिशेने निघालं की मराईमलै नगर मागे पडल्यावर महिंद्रा वर्ल्ड सिटी लागते. बीएमडब्ल्यूचा भारतातला कारखाना इथे आहे. २९ मार्च २००७ रोजी तो सुरू झाला. २०२१च्या सुरुवातीला या कारखान्यातून थ्री सीरिजच्या दोन गाड्या दोन महिन्यांच्या आत बाजारात आल्या. जानेवारीत आली ग्रॅन लिमोझिन. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर नेहमीच्या थ्री सीरिजपेक्षा ११ सेंटीमीटरने वाढवलेलं, म्हणजे मागे बसणाऱ्यांना पाय ऐसपैस ठेवता यावेत म्हणून ताणलेली गाडी. मार्चमध्ये आली एम३४०आय: तीन लिटरचं सहा सिलिंडरी टर्बो इंजिन, ३८७ हॉर्सपॉवर, आणि ही सगळी ताकद चारही चाकांना. शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत.

ग्रॅन लिमोझिनचं पेट्रोल मॉडेल, ३३०एलआय, तोच वेग गाठायला ६.२ सेकंद घेतं. इंजिन दोन लिटरचं, २५८ हॉर्सपॉवरचं, आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. लाँचच्या वेळी पहिलीची शोरूम किंमत होती ५१.५० लाख, दुसरीची ६२.९० लाख. एकाच कारखान्यातल्या या दोन गाड्यांमध्ये एक प्रश्न आयता मांडून ठेवलेला आहे, आणि वेगाची हौस असलेल्या पुष्कळ कुटुंबांपुढे तो आज ना उद्या येतो. चारही चाकं ओढणारी जोरकस गाडी काही वर्षं मनसोक्त चालवून झाली, आता घरात बाळाची सीट आली आहे, पुण्याहून आईवडील महिन्याभरासाठी येतात, दिवाळीत सामान मावत नाही. अशा वेळी ती गाडी देऊन एखादी वेगवान पण सोयीची सेदान घ्यावी का? घेतली तर हातचं नेमकं काय जातं?

उत्तर शोधायचं तर ऑल-व्हील ड्राइव्ह मुळात कशासाठी आली, इथून सुरुवात करावी लागते.

१९८०च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ऑडीने क्वात्रो ही गाडी मांडली. तोवर चारही चाकांना ताकद म्हणजे जीप, ट्रॅक्टर, लष्करी वाहनं अशीच समजूत होती. क्वात्रो रॅलीत उतरली आणि बर्फ, चिखल, खडी यांवर तिने बाकीच्यांना मागे टाकलं. पुढे सुबारू इम्प्रेझा आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या जपानी गाड्यांनी तेच तंत्र सामान्य सेदानच्या अंगात भरलं. टॉमी माकिनेन या फिनिश ड्रायव्हरने १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षं जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवलं ते लान्सर इव्होमध्ये बसूनच.

चेन्नईचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. हिंदुस्तान मोटर्सने १९९८पासून तिरुवळ्ळूरच्या कारखान्यात साधी लान्सर बनवायला घेतली. रॅलीवाल्या इव्होची ही बहीण, पण पुढची चाकं ओढणारी आणि स्वभावाने शांत. खरी इव्हो भारतात पुढे आली ती परदेशातून बांधून, थोड्यांनाच परवडणाऱ्या किमतीला. टायर बनवणारी एमआरएफ ही कंपनीही चेन्नईचीच. तिच्या संघातून गौरव गिलने २०१३ साली आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद जिंकलं ते चारही चाकं ओढणाऱ्या स्कोडा फाबियात. म्हणजे या शहराला ऑल-व्हील ड्राइव्हचं मोल कळत नाही असं अजिबात नाही.

आता तंत्राकडे वळू. टायरचा जो तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो, त्याची पकड मर्यादित असते. पहिल्या गिअरमध्ये ५०० न्यूटन मीटरचा टॉर्क फक्त दोन चाकांवर ओतला तर ती जागच्या जागी गरगरतात. तोच चार चाकांत वाटला की गाडी झेपावते. एम३४०आयमध्ये गिअरबॉक्सच्या मागे एक ट्रान्सफर केस असतो आणि त्यात पातळ चकत्यांचा क्लच. एरवी ताकदीचा कल मागच्या चाकांकडे असतो. मागची चाकं सुटू लागली की या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि ताकद पुढे जाते. हे सारं क्षणार्धात घडतं, ड्रायव्हरला कळतही नाही. ओल्या वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी शेपटी न हलवता सरळ पुढे निघाली, की मनाला जो भरवसा वाटतो तो खरा असतो.

पण या भरवशाची हद्द ओळखायला हवी. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे ढकलायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक प्रत्येक गाडीचे चारही चाकांवर लागतात. वळणात गाडी किती वेगाने तग धरेल हे शेवटी टायर ठरवतात. पाण्याचा थर साचलेल्या रस्त्यावर टायर तरंगू लागला की ताकद दोन चाकांना जाते की चार, याने काहीच फरक पडत नाही. तिथे उपयोगी पडते ती टायरची खोल नक्षी आणि ड्रायव्हरचा कमी केलेला वेग.

चेन्नई हे सपाट, उष्ण शहर. बर्फ नाही, घाट नाहीत. नोव्हेंबर २०२३पासून शहरात कारसाठी ताशी ६० किलोमीटरची मर्यादा लागू आहे, निवासी भागांत ३०ची. मे महिन्यातल्या अग्नी नक्षत्राच्या दिवसांत पारा चाळिशी गाठतो. तेव्हा ओएमआरच्या (ओल्ड महाबलिपुरम रोडच्या) सिग्नलवर उभ्या असलेल्या टर्बो गाडीचं इंजिन, इंटरकूलर आणि एसी तिघेही घामाघूम असतात. ३८७ हॉर्सपॉवरला इथे पाय पसरायला जागाच सापडत नाही. तिरुवान्मियूरहून पुद्दुचेरीकडे जाणारा ईसीआर (ईस्ट कोस्ट रोड) मोकळा आणि सुंदर आहे हे खरं, पण त्यावर वस्ती आहे, वेगमर्यादा आहे. कोणत्याही चांगल्या सेदानचं सुख त्यावर पुरेपूर मिळतं. ४.४ आणि ६.२ सेकंदांमधला १.८ सेकंदांचा फरक तिथे कायदा न मोडता कितीदा अनुभवता येईल, याचा प्रत्येकाने प्रामाणिक हिशेब करावा.

पावसाचं काय? चेन्नईकर हा प्रश्न सर्वांत आधी विचारतात, आणि गैरसमजही इथेच सर्वांत जास्त आहे. डिसेंबर २०१५च्या पुरात अड्यार नदी पात्राबाहेर आली आणि हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. डिसेंबर २०२३मध्ये मिचौंग चक्रीवादळाने पुन्हा तेच घडवलं. पुरात गाडीला मारतं ते इंजिनात हवेबरोबर शिरलेलं पाणी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि लाखो रुपयांचं इंजिन भंगारात जातं. जमिनीलगत बसलेल्या वेगवान गाडीला चारही चाकांची ताकद यातून वाचवत नाही, उलट ड्रायव्हरला पाण्यात शिरण्याचं खोटं धैर्य देते. ऑक्टोबर २०२४मध्ये मुसळधार पावसाचा इशारा मिळताच वेळचेरीच्या लोकांनी आपल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन ओळीने उभ्या केल्या. चेन्नईच्या पावसावरचा तो खरा उपाय होता. दुसरा उपाय म्हणजे विम्यात इंजिन प्रोटेक्टचं कव्हर घेणं आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी अजिबात स्टार्ट न करणं.

खर्चाची एक बाजू शोरूममध्ये क्वचितच कोणी समजावून सांगतं: टायर. समजा, एका टायरच्या बाजूच्या भिंतीत खिळा घुसला. तिथे पंक्चर काढता येत नाही, टायर नवाच घ्यावा लागतो. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल, बाकी तिघांची झिजून ४ राहिलेली. त्रिज्येत ४ मिलिमीटरचा फरक म्हणजे परिघात जवळपास अडीच सेंटीमीटरचा. दर फेऱ्याला ते चाक इतकं जास्त अंतर कापतं, आणि ऑल-व्हील ड्राइव्हची यंत्रणा ही तफावत चाक घसरल्याचं लक्षण समजून बसते. क्लचच्या चकत्या कारण नसताना घासत राहतात, तापतात. म्हणून अशा गाड्यांच्या कंपन्या चारही टायर सारखेच ठेवायला सांगतात, आणि एका खिळ्यापायी दोन किंवा चार टायरांचं बिल येतं. शिवाय ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल, त्यांचं तेल. दोन चाकं ओढणाऱ्या सेदानला यातलं पुष्कळसं लागतच नाही.

मग घ्यावं काय? मराठी वाचकाला अभिमान वाटावा असं एक नाव इथे येतं: स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. स्कोडाने भारतातलं बस्तान बसवलं ते औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा वसाहतीत, २००१ साली ऑक्टेव्हियाच आणून. तिचं वेगवान रूप, १.८ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचं आरएस, २००४ साली आलं. टर्बो पेट्रोल हा शब्दच तेव्हा भारतीय ग्राहकाला नवा होता. २०१७मध्ये आलेल्या आरएस २३०ने मात्र खरं वेड लावलं: २३० पीएस, शोरूम किंमत २४.६२ लाख, आणि दिसायला सेदान असली तरी मागची काच दारासकट वर उघडणारी ५९० लिटरची डिकी. दोन मोठ्या बॅगा, बाळाची गाडी आणि आजीच्या लोणच्याच्या बरण्यांचं खोकं, सगळं काही मागच्या सीट न पाडता मावतं. त्यानंतर २०२०मध्ये आरएस २४५ आली, फक्त दोनशे गाड्या, ३५.९९ लाखांना, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये २६५ पीएसची नवी आरएस, फक्त शंभर, ४९.९९ लाखांना. या दोन्ही परदेशातून बांधून आणलेल्या. भारतात आलेल्या सगळ्या ऑक्टेव्हिया आरएस पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत. जोरात ॲक्सिलरेटर दिला की स्टिअरिंग किंचित ओढ घेतं. २४५मध्ये पुढच्या चाकांत ताकद वाटणारा इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल दिल्याने ती ओढ बरीच काबूत आली.

इतका खर्च ज्यांना नको त्यांच्यासाठी उत्तर आणखी जवळ आहे. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाविया यांच्यात १.५ लिटरचं १५० पीएसचं टर्बो इंजिन मिळतं आणि ५२१ लिटरची डिकी. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैत बनणाऱ्या ह्युंदाई व्हर्नाचं टर्बो इंजिन १६० पीएसचं, डिकी ५२८ लिटरची. एम३४०आयवरून उतरणाऱ्याला या हलक्या वाटतील यात शंका नाही. पण गावातून हायवेला लागताना, ट्रकला ओव्हरटेक करताना जो चटकन मिळणारा जोर हवा असतो तो त्यांच्यात आहे, आणि पूर्वी तो या किमतीत स्वप्नातही नव्हता.

ज्यांनी बदल करू नये असेही लोक आहेत, हे सांगायलाच हवं. इरुंगाट्टुकोट्टैच्या रेसट्रॅकवर जे नेमाने गाडी पळवतात, किंवा शनिवारी पहाटे येलगिरीची चौदा हेअरपिन वळणं, कोल्ली मलैची सत्तर वळणं गाठायला निघतात, त्यांना घाटाच्या ओल्या वळणातून बाहेर पडताना चारही चाकांची पकड जे सुख देते त्याला पर्याय नाही. अशा माणसाने केवळ डिकीसाठी ती गाडी विकली तर तो वर्षभरात हळहळेल. त्याने जमल्यास गाडी ठेवावी आणि घरासाठी दुसरी साधी घ्यावी.

बाकीच्यांनी हिशेब घालताना तमिळनाडूचा रस्ता कर विसरू नये. नोव्हेंबर २०२३मध्ये तो वाढला आणि २० लाखांवरच्या गाड्यांना २० टक्के झाला. ५० लाखांच्या गाडीवर १० लाख नुसता कर. म्हणूनच पुष्कळांची नजर सेकंड-हँड आरएसकडे वळते. मुंबई-पुण्यातून आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि तमिळनाडूत गाडीच्या वयानुसार पुन्हा भरावा लागणारा कर किमतीत धरावा. आरएस २३०च्या सहा गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सचं तेल साधारण ६०,००० किलोमीटरला बदललेलं असावं. त्याचं बिल मागून घ्यावं.

गाडी चेन्नईतली असेल तर ती पुरात सापडली होती का, हे आधी पाहावं. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावेत. पुसायचा राहून गेलेला चिखल तिथेच सापडतो. डिकीतली चटई उचलून स्टेपनीच्या खळग्यात हात फिरवावा, फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट गंज आहे का ते बघावं. मग घरच्या सगळ्यांना बसवून, डिकीत खऱ्या बॅगा भरून टेस्ट ड्राइव्ह घ्यावी आणि गल्लीतल्या सर्वांत उंच स्पीडब्रेकरवरून गाडी सावकाश नेऊन पाहावी. एकट्याने चालवताना न घासणारी सेदान पाच जण बसल्यावर खाली टेकते का, हे पैसे मोजण्याआधी त्याच वेळी कळतं.