पनागर : मतं ठाऊक, मतदार नाही

जबलपूरहून कटनीच्या रस्त्याला लागलं की पंधराएक किलोमीटरवर पनागर येतं. जैन मंदिरांचं जुनं गाव, हिवाळ्यात मटारानं भरलेली शिवारं आणि वर्षागणिक जवळ सरकत येणारं जबलपूर शहर. निवडणूक आली की इथे चहाच्या टपरीवर एकच हिशेब मांडला जातो : पटेल किती, यादव किती, ब्राह्मण किती, आदिवासी किती. आकडे छातीठोकपणे सांगितले जातात. त्यांतले बहुतेक मात्र कुठल्याही सरकारी कागदावर सापडत नाहीत.

याचं कारण सरळ आहे. अनुसूचित जाती-जमाती सोडल्या तर 1931नंतर जनगणनेचे जातवार आकडे देशात प्रसिद्धच झालेले नाहीत. शिवाय जनगणना गाव आणि तहसील धरून होते, विधानसभेची हद्द वेगळीच असते. 2011च्या गणनेत जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या 24 लाख 63 हजारांच्या घरात होती; त्यात अनुसूचित जमाती सुमारे 15 टक्के आणि अनुसूचित जाती 14 टक्के. इथवर पाय जमिनीवर असतात. त्यापुढचं सगळं अंदाजाचं.

इंग्लंडमध्ये नेमकं उलटं आहे. तिथल्या 2021च्या जनगणनेचे धर्म, वंश आणि भाषेचे आकडे मतदारसंघवारही मिळतात. पण मतमोजणीच्या वेळी निरनिराळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका आधी एकमेकींत मिसळतात आणि मगच त्या कुणाच्या हे मोजलं जातं. लेस्टर शहरात भारतीय वंशाचे लोक 34 टक्के आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी जुलै 2024मध्ये देशभर मजूर पक्षाची लाट असताना, 1987पासून त्याच पक्षाकडे असलेली लेस्टर ईस्टची जागा हुजूर पक्षाच्या शिवानी राजा यांनी जिंकली. त्या निवडणुकीत मजूर पक्षाकडून हुजूर पक्षाला मिळालेली ही एकमेव जागा. कीथ वाझ आणि क्लॉडिया वेब हे तिथले दोन माजी मजूर खासदार वेगवेगळे उभे राहिले होते आणि मतं फुटली. कुठल्या मोहल्ल्यात किती फुटली, हे मात्र अधिकृत निकालातून कळायची सोय नाही.

आपल्याकडे ती आहे. फॉर्म 20 नावाच्या तक्त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते छापलेलं असतं. एका केंद्राला हजार-बाराशे मतदार, म्हणजे एखादं गाव किंवा दोन वस्त्या. कुठल्या गावानं साथ दिली नाही, हे निवडून आलेल्याला दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणूनच अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं ‘टोटलायझर’ यंत्र आणावं, असं निवडणूक आयोगानं 2008मध्ये सुचवलं आणि विधी आयोगानं 2015मध्ये त्याला दुजोरा दिला. यंत्र अजून आलेलं नाही. ते यायला हवं. रस्ता आणि नळ मागायला जाणाऱ्या गावाच्या कपाळावर त्याचं मत लिहिलेलं असणं बरं नव्हे.

जातींच्या बेरजेवर निकाल सांगणाऱ्यांची पनागरनं अनेकदा पंचाईत केली आहे. 2003पर्यंत ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव होती. पुनर्रचनेनंतर 2008मध्ये ते आरक्षण शेजारच्या सिहोऱ्याकडे गेलं आणि पनागर खुलं झालं. माणसं तीच, वस्त्याही बहुतेक त्याच. फक्त रेषा सरकली आणि उमेदवारांची यादी पार बदलली. तेव्हापासून 2023पर्यंत इथे सलग भाजपच आला : आधी नरेंद्र त्रिपाठी, मग तीनदा सुशीलकुमार तिवारी. 2018मध्ये तर काँग्रेस तिसऱ्या क्रमांकावर गेली. दुसरा आला अपक्ष.

त्याच 2018चा जिल्हा पाहावा. आठपैकी चार जागा काँग्रेसला, चार भाजपला. जबलपूर उत्तरमध्ये बंडखोरानं मतं खाल्ली आणि भाजप अवघ्या 578 मतांनी पडला. हे मतदान 28 नोव्हेंबरचं. पाचच महिन्यांनी, 29 एप्रिल 2019 रोजी, याच आठ मतदारसंघांनी भाजपच्या राकेश सिंह यांना साडेचार लाखांच्या मताधिक्यानं लोकसभेवर पाठवलं. पाच महिन्यांत कुणाची जात बदलली नव्हती. राज्यासाठी एक मत आणि दिल्लीसाठी दुसरं, एवढा विचार लोकांनी केला होता.

मराठी वाचकाला तर जबलपूरचा जुना इतिहास आवर्जून सांगायला हवा. इथले खासदार सेठ गोविंददास 1974मध्ये वारले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत तुरुंगात असलेले शरद यादव विरोधकांचे एकत्रित उमेदवार म्हणून निवडून आले. पुढे 1982च्या पोटनिवडणुकीत भाजपनं उभे केले बाबूराव परांजपे. भोसल्यांचा अंमल, मग नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत, त्यात रेल्वे आणि तोफगाड्यांचा कारखाना, यांमुळे जबलपुरात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. पण हिंदी भाषकांच्या या मतदारसंघात ती मूठभरच. परांजपे तरी जिंकले, आणि 1989, 1996, 1998 असे आणखी तीनदा जिंकले. मधल्या 1984 आणि 1991च्या निवडणुकांत ही जागा काँग्रेसकडे होती. म्हणजे इथल्या मतदारानं परांजप्यांचं आडनाव पाहून त्यांना ना डोक्यावर घेतलं, ना दूर ठेवलं. 1999मध्ये त्याच मतदारानं जयश्री बॅनर्जी यांना दिल्लीला धाडलं.

2024च्या लोकसभा निवडणुकीत जबलपूरमधून भाजपचे आशीष दुबे पावणेपाच लाखांहून अधिक मतांनी जिंकले, पण मतदान 61 टक्क्यांच्या आसपास घसरलं होतं. 2019मध्ये ते 69च्या पुढे होतं. या गळतीकडे जातींच्या गणिताइतकं लक्ष कुणी दिलेलं नाही. कोण घरी बसले? जबलपुरात नोकरीला जाणारे, लग्नसराईत अडकलेले, की निकाल आधीच ठरला असं मानून बसलेले?

केंद्र सरकारनं आगामी जनगणनेत जातींची नोंद करायचं जाहीर केलं आहे. ते आकडे येतील तेव्हा टपरीवरचे हिशेब तपासून पाहता येतील. तोवर फॉर्म 20 हाताशी आहेच. मुख्य निर्वाचन अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो कुणालाही पाहता येतो. वाचकांनी आपल्या केंद्राचे मागच्या दोन-तीन निवडणुकांचे आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.