टाके, मच्छरदाणी आणि शंभर रुपयांचं इंजेक्शन

विरारच्या जीवदानी गडाला हजाराच्या वर पायऱ्या आहेत. भूलतज्ज्ञाला तुमच्याकडून इतक्या नको असतात. दोन मजले न थांबता चढता का, धाप लागते का, एवढंच तो विचारतो. तुमचं हृदय आणि फुप्फुसं मोठं ऑपरेशन कितपत सोसतील, याचा बराच अंदाज त्याला त्या उत्तरावरून येतो. बार्सिलोनात पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी काही जोखमीच्या रुग्णांकडून ठरवून व्यायाम करून घेतला गेला. 2018 साली निष्कर्ष छापून आले. नेहमीच्या पद्धतीने गेलेल्यांत 62 टक्के जणांना काही ना काही गुंतागुंत झाली होती, व्यायाम केलेल्यांत 31 टक्के जणांना. तेव्हा तारीख महिनाभर लांब असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर तो महिना अंथरुणात घालवू नका. चाला, जिने चढा.

ऑपरेशन यशस्वी होतं ते सर्जनच्या हाताने. पण त्यानंतरचा ताप, पू, न्यूमोनिया टळतो तो कितीदा तरी साध्या, स्वस्त गोष्टींनी. असे काही शोध इथे एकत्र केले आहेत. त्यातले काही आपल्याच मातीतले आहेत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

दोंडाईचाची मच्छरदाणी युगांडात

हर्नियाचं भोक नुसतं ताणून शिवलं तर शिवण पुन्हा उसवण्याची भीती असते. म्हणून तिथे जाळी बसवतात. कंपनीची जाळी महाग, आणि हर्निया ओझी उचलणाऱ्या गरिबालाही होतो. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे ग्रामीण सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निवडलं, निर्जंतुक केलं आणि तेच जाळी म्हणून वापरलं. एकट्याच्या अनुभवावर ते थांबले नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्जनांना सोबत घेऊन त्यांनी अभ्यास केला आणि 2003 साली तो ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये प्रसिद्ध केला.

पुढे युगांडात 302 पुरुषांवर रीतसर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले गेले. निम्म्यांना कंपनीची जाळी, निम्म्यांना मच्छरदाणीची. निकाल 2016 च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. वर्षभरात हर्निया परत येण्याचं प्रमाण मच्छरदाणीच्या गटात 0.7 टक्के, दुसऱ्यात शून्य. गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. ‘गरिबांसाठी चालवून घ्या’ अशी ही सोय नव्हती. ती तोलामोलाची होती, आणि तसं सिद्ध करून दाखवलं गेलं. मला या सगळ्या यादीत हा शोध सर्वांत लाडका वाटतो. (घरातली मच्छरदाणी मात्र नव्हे! कापड कोणतं, त्याला कीटकनाशक लावलेलं नाही ना, ते निर्जंतुक कसं करायचं, हे सगळं सर्जननेच बघायचं असतं.)

सुरी लावण्याआधी दहा मिनिटं

परळच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांना एक शंका होती. गाठ काढताना होणाऱ्या हाताळणीतच कर्करोगाच्या काही पेशी पसरत असतील का? मग गाठीभोवतीचा भाग आधी बधिर केला तर? दात काढताना वापरतात तेच लिग्नोकेन. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनआधी सात ते दहा मिनिटं ते गाठीच्या चारी बाजूंनी टोचायचं. देशातल्या 11 केंद्रांत सुमारे 1,600 स्त्रियांवर ही चाचणी झाली. निष्कर्ष 2022 मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडले गेले, 2023 मध्ये छापून आले. इंजेक्शन दिलेल्या गटात पाच वर्षांनी 90.1 टक्के स्त्रिया हयात होत्या, न दिलेल्या गटात 86.4 टक्के. खर्च शंभर रुपयांच्या आत. परदेशातल्या काही तज्ज्ञांना ही चाचणी पुन्हा करून बघायला हवी असं वाटतं. जरूर करावी. पण शंभर रुपयांत शंभरातल्या तीन-चार जणी जास्त वाचत असतील, तर हा प्रश्न विचारणाऱ्यांना सलाम करायला पुढच्या चाचणीची वाट बघायची गरज नाही.

उमरखेडच्या घरातला नातू

यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडला गोपिकाबाई सीताराम गावंडे यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. त्यांचा मुलगा आत्माराम अमेरिकेत जाऊन सर्जन झाला आणि नातू अतुल गावंडे याने जगभरच्या ऑपरेशन थिएटरांना एक कागद दिला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्याच्या नेतृत्वाखाली 19 मुद्द्यांची यादी तयार झाली. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी अशा तीन वेळा थांबायचं आणि मोठ्याने विचारायचं. रुग्ण हाच ना? बाजू हीच ना? अँटिबायोटिक दिलं का? स्पंज मोजले का? त्यातला एक मुद्दा तर इतकाच आहे, की खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. नाव सांगितलेली सिस्टर पुढे काही चुकतंय असं दिसलं तर बोलायला कचरत नाही.

दिल्लीपासून सिएटलपर्यंत आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली. 2009 चे आकडे असे : गुंतागुंत 11 टक्क्यांवरून 7 वर, मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 वर. पुढे 2014 साली कॅनडातल्या ऑन्टारियोतून वेगळी बातमी आली. तिथे 101 रुग्णालयांत यादी लागू झाली, पण फरक म्हणावा असा पडला नाही. माझं मत विचाराल तर यादीवर नुसत्या खुणा केल्या आणि तोंडाने कुणी कुणाला काही विचारलंच नाही, तर कागद काय करणार?

‘गॅस पास झाला का?’

पोटाच्या ऑपरेशननंतर राउंडला आलेले डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. आतडी काही काळ रुसून बसतात, ती कामाला लागली की नाही हे त्यावरून कळतं. जपानी सर्जनांनी 2002 मध्ये रुग्णांना च्युइंगगम चघळायला दिलं. जेवण येतंय असं समजून आतडी लवकर हलू लागली. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत असं दिसलं, की जिथे मुळातच लवकर खायला देतात तिथे गमचा फारसा उपयोग उरत नाही. जर्मनीत कॉफी देऊन पाहिली. पाणी पिणाऱ्यांना शौचाला 74 तास लागले, कॉफीवाल्यांना 60.

उपाशी, पण किती?

‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही’ ही सूचना अजून कितीतरी ठिकाणी सरसकट मिळते. ऑपरेशन दुपारी तीनचं असलं तरी! भूल देताना उलटी छातीत जाऊ नये म्हणून पोट रिकामं हवं, हे खरंच. पण साधं पाणी पोटातून फार लवकर पुढे सरकतं. म्हणून भूलतज्ज्ञांच्या संघटना गेली पंचवीसेक वर्षं सांगत आहेत की पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हलका आहार सहा तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, त्यालाही सहा तास. मधुमेह, गर्भारपण, पोटाचे विकार असतील तर हिशेब बदलतो. म्हणून भूलतज्ज्ञाला थेट विचारा : माझा शेवटचा घोट किती वाजता?

वस्तरा नको, पांघरूण हवं

आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढणं ही जुनी रीत. वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतू घर करतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये स्पष्ट सांगितलं, की केस शक्यतो काढू नका, काढायचेच तर क्लिपरने. अँटिबायोटिक चिरा घेण्याआधीच्या दोन तासांत द्यायचं आणि ऑपरेशन झाल्यावर उगाच लांबवायचं नाही, हेही त्यातच आहे.

थिएटरातल्या एसीत कुडकुडणाऱ्याला पांघरूण मिळालं तर? 1996 च्या एका प्रसिद्ध चाचणीत मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनवेळी निम्म्या रुग्णांना मुद्दाम उबदार ठेवलं. थंड पडलेल्यांत 19 टक्के जखमा चिघळल्या, उबदार ठेवलेल्यांत 6 टक्के. अंग दोन अंशांनी गार पडलं तर त्वचेचा रक्तपुरवठा आटतो, आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी तिथवर पोचत नाहीत.

पोट शिवण्याआधी सर्जनने हातमोजे आणि हत्यारं बदलली तर? भारतासह सात देशांतल्या 13,301 रुग्णांवर झालेली चाचणी 2022 मध्ये आली. जखमेचा संसर्ग 18.9 टक्क्यांवरून 16 वर उतरला. फक्त मोजे आणि हत्यारं बदलून!

तीन गोट्यांचं यंत्र

ऑपरेशन झालेल्याच्या उशाशी हमखास दिसणारं प्लॅस्टिकचं खेळणं, तीन नळ्या आणि तीन रंगीत गोट्या. नळ्यांवर 600, 900, 1200 असे आकडे असतात, म्हणजे सेकंदाला किती घनसेंटिमीटर हवा आत गेली. पुष्कळ जण त्यात जीव खाऊन फुंकर मारतात. ते उलटं आहे. आधी श्वास सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि हवा सावकाश आत ओढायची. एक गोटी वर आली, दुसरी आली, की दोन-तीन सेकंद तिथेच धरून ठेवायची. टाक्यांवर उशी दाबून धरली की खोकणंही सोपं जातं. घरच्या रुग्णाला हे एकदा करून दाखवा. सिस्टरला दिवसभरात तितका वेळ मिळेलच असं नाही.

आणि चालवा. डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट यांनी 1990 च्या दशकात हे सगळे तुकडे एकत्र जोडले : कमी उपास, नेमकं वेदनाशमन, लवकर खाणं, त्याच दिवशी पलंगावरून उठणं. आतड्याच्या ऑपरेशननंतर आठवडा-दीड आठवडा राहणारे त्यांचे रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागले. आपल्याकडे मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी 1990 मध्ये देशातलं पहिलं दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन केलं, तेव्हापासून छोट्या चिऱ्यांनी लवकर घरी जाणं आणखी सोपं केलं.

पुण्यातले दोन रुग्ण

टिपूबरोबरच्या युद्धात नाक कापलं गेलेला गाडीवान कावसजी. त्याचं नवं नाक पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून घडवलं. 1794 मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकिगत छापून आली, आणि त्यात नंतरची काळजीही बारकाईने दिली आहे. चार दिवस पाण्यात कालवलेल्या काथाचा लेप, मग तुपात भिजवलेल्या पट्ट्या, पाच-सहा दिवस उताणं झोपायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापड. विड्यातला काथ तुरट असतो. ऊती आवळून धरायला तो बरोबर निवडला होता.

दुसरे गांधीजी. 12 जानेवारी 1924 च्या रात्री ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं अपेंडिक्स काढलं. मध्येच वीज गेली आणि शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. पण जखमेत पू झाला, ती लवकर भरेना. 5 फेब्रुवारीला सरकारने त्यांची तुरुंगवासातून सुटका केली आणि पुढे ते जुहूच्या किनाऱ्यावर हवापालटाला गेले. तेव्हा पेनिसिलिनचा शोधही लागायचा होता.

भात आणि तंबाखू

‘भात खाल्ला की टाक्यांत पू होतो’ असं वसई-विरार पट्ट्यात आजही ठामपणे सांगितलं जातं. पू जंतूंमुळे होतो, भाताने नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं नसेल तर अंडं, मासे, डाळ, उसळ पानात वाढा. भात-मासळीवर वाढलेल्या माणसाला पंधरा दिवस पेजेवर ठेवणं हा त्याच्या जखमेवर अन्याय आहे.

बंद करायचंच तर तंबाखू बंद करा. डेन्मार्कमध्ये सांधेरोपणाआधी सहा ते आठ आठवडे काही रुग्णांना सिगारेट सोडायला मदत केली. 2002 चा निकाल : मदत न मिळालेल्यांत 52 टक्के जणांना गुंतागुंत, मदत मिळालेल्यांत 18 टक्के. मशेरी आणि गुटख्यातलं निकोटिनही रक्तवाहिन्या आवळतं. भूलतज्ज्ञाने विचारलं तर लपवू नका.

विरारहून दादरला उतरून टाटा गाठणाऱ्यांसाठी शेवटचं. कर्करुग्णांना लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करता येतो. रुग्णालयाचे कागद बॅगेत वरच ठेवा.