पोलिसांचे बॉडी कॅमेरे आणि खासगीपणा

बॉडी कॅमेरा हे पोलीस कर्मचाऱ्याच्या गणवेशावर, बहुधा छातीवर किंवा खांद्यावर लावले जाणारे ध्वनिचित्रमुद्रणाचे छोटे उपकरण आहे. नाकाबंदी, वाहतूक नियंत्रण, बंदोबस्त अशा प्रसंगी पोलीस आणि नागरिक यांच्यात काय घडले, याची नोंद त्यातून राहते. या नोंदीत समोरचा माणूस दिसतो. कॅमेरा लावलेला पोलीस बहुधा दिसत नाही. त्यामुळे चित्रण कधी सुरू करायचे आणि ते नंतर कोणाच्या ताब्यात राहणार, हे या विषयातील कळीचे प्रश्न ठरतात.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रिआल्टो येथे २०१२–१३ मध्ये झालेल्या प्रयोगात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी वर्षभरात २४ वरून ३ वर आल्या. वॉशिंग्टन शहरात दोन हजारांहून अधिक पोलिसांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही.

कायदेशीर स्थिती

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक आहे. त्यासाठी कायद्याने बॉडी कॅमेरा नव्हे, तर शक्यतो मोबाइल सुचवला आहे. हे मुद्रण विलंब न लावता दंडाधिकाऱ्याकडे पाठवावे लागते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात स्पष्ट केले. तरीही डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ गुन्ह्यांच्या प्रतिबंधासाठी व तपासासाठी बऱ्याच बंधनांतून सूट देतो. पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण १८ महिने, किमान एक वर्ष जपण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. गणवेशावरील कॅमेऱ्यांसाठी अशी स्वतंत्र मुदत केंद्रीय अधिनियमात नाही.

ग्रामीण भागातील प्रश्न

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या बपेरा या गावासारख्या ठिकाणी चेहरा धूसर करणे पुरेसे ठरत नाही. घराचे दार, अंगण, बोलण्याची लकब यांवरूनही गावकरी माणूस ओळखतात. झडतीत काहीच सापडले नाही, तरी तिचे चित्रण बाहेर पडल्यास त्या कुटुंबाला संशय चिकटतो. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे; झडती झालेल्या निर्दोष कुटुंबासाठी त्या कलमात संरक्षण नाही.

नागरिकानेही पोलिसांचे चित्रण करावे का, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. वर्धा येथील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते अधिनियमाखालील ‘निषिद्ध ठिकाण’ नसल्याचे सांगून, ठाण्यात चित्रण केल्याबद्दल त्या अधिनियमाखाली नोंदवलेला गुन्हा रद्द केला. भंडारा जिल्हाही याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो.