आघाताच्या क्षणी क्लब कोठे असावा?

आपल्या व्यापारी बांधवांपैकी अनेक जण पन्नाशीनंतर, दुकानाचा भार मुलांवर सोपवल्यावर गोल्फकडे वळतात. पहिले वर्ष उत्साहात जाते. पुढे प्रगती थांबली की नवा क्लबसंच विकत घेतला जातो. संच महाग असतो. फटका मात्र पूर्वीसारखाच कधी चेंडूच्या मागे जमिनीत रुततो, तर कधी चेंडूच्या डोक्यावरून घसरतो. दोष बहुधा हत्यारात नसतो. क्लब चेंडूला भिडतो त्या क्षणीची त्याची व शरीराची स्थिती चुकलेली असते.

हा क्षण किती अल्प? क्लब आणि चेंडू यांचा सहवास सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका असतो. तेवढ्या अवधीत हाताने काही सुधारणे मानवी शक्तीबाहेरचे आहे. ताळेबंदातील शेवटचा आकडा खोडून चालत नाही, त्याआधीच्या नोंदी तपासाव्या लागतात. येथेही तसेच आहे.

पुष्कळांची समजूत अशी की, चेंडूसमोर उभे राहताना जी ठेवण असते तीच आघाताच्या वेळी परत यावी. वास्तविक या दोन स्थिती अगदी वेगळ्या आहेत. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे उदाहरण घेऊ. आरंभी वजन दोन्ही पायांवर जवळपास सारखे असते. आयर्नच्या फटक्यात आघाताच्या वेळी त्याचा मोठा भाग डाव्या पायावर आलेला असतो. आरंभी कंबर चेंडूकडे असते. आघाताच्या वेळी ती लक्ष्याच्या दिशेने वळू लागलेली असते. हात चेंडूच्या किंचित पुढे असतात, क्लबचा दांडा लक्ष्याकडे थोडा झुकलेला असतो आणि डावे मनगट सपाट असते, मागे मोडलेले नसते.

अमेरिकन खेळाडू बेन होगन यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकात आघाताच्या वेळच्या डाव्या मनगटाला मोठे महत्त्व दिले आहे. दुसरे उदाहरण जिम फ्युरिक यांचे. क्लब वर नेताना व खाली आणताना त्यांचा मार्ग असा काही वळसा घेतो की, कोणताही शिक्षक नवशिक्याला तसे करू देणार नाही. तरीही २००३ ची यूएस ओपन त्यांनी जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर एका फेरीत ५८ फटक्यांचा विक्रम केला. क्लब वर कसा गेला यापेक्षा तो चेंडूपाशी कोणत्या अवस्थेत पोहोचला, हे मोलाचे.

मग सर्वसामान्य खेळाडूचे कोठे बिनसते? त्याला चेंडू हवेत उचलायचा असतो. म्हणून तो वजन उजव्या पायावर ठेवतो आणि मनगटे मोडून चमच्याने वाढावे तसा चेंडू उचलू पाहतो. क्लब अलीकडेच तळ गाठतो आणि पुढचा अनर्थ ठरलेला. खरे तर चेंडू उचलण्याचे काम क्लब बनवणाऱ्याने आधीच करून ठेवले आहे. सात क्रमांकाच्या आयर्नचा फेस ३० अंशांच्या आसपास तिरपा असतो. आपण उतरत्या मार्गाने आधी चेंडूला व मग जमिनीला स्पर्श करावा. वर जाण्याची काळजी त्या तिरकेपणावर सोडावी. चांगल्या फटक्यात गवताचा खपला चेंडूच्या जागेपुढे निघतो, मागे नव्हे.

हे अंगी बाणवण्यास खर्च जवळजवळ नाही. आपल्या गोदामातील एखाद्या बारदानात जुने कपडे ठासून भरावेत, ते डाव्या पायासमोर ठेवावे आणि त्यावर क्लब अगदी सावकाश टेकवून थांबावे. मग स्वतःकडे पाहावे: हात क्लबच्या डोक्याच्या पुढे आहेत काय? वजन डावीकडे आले काय? मनगट सपाट आहे काय? पोत्यावर जोराने प्रहार मुळीच करू नये. या वयात मनगट दुखावले की महिनोन्महिने छळते. मैदानावर चेंडूमागे वीतभर अंतरावर घडी केलेला पंचा ठेवावा. क्लब पंच्याला लागला तर तो अलीकडे उतरला, हे तत्काळ कळते.

सराव केंद्रातील कृत्रिम चटईवर मात्र फार विसंबू नये. क्लब चेंडूच्या मागे आदळला तरी चटईवरून सरकत पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. तोच फटका गवतावर फसतो. शिवाय कठीण चटईवर वारंवार आदळणे कोपरालाही बाधते. शक्य तेव्हा मातीवर किंवा गवतावर सराव करावा. वाळूत बोटाने रेघ ओढून, चेंडू न ठेवता, खूण रेघेच्या पुढे उमटते का ते पाहणे हा त्याहून स्वस्त उपाय.

हे सारे आयर्नपुरते. ड्रायव्हरची गोष्ट निराळी. तेथे चेंडू टीवर, डाव्या टाचेच्या रेषेत असतो आणि क्लब तळ गाठून किंचित वर चढताना त्याला भिडला तर उत्तम. तेथे हात मुद्दाम पुढे ढकलू नयेत.