जाळीबाहेरून लेकीच्या खेळाचा फोटो

शाळेच्या मैदानावर मुलींची खो-खोची स्पर्धा असली, की आपण बायका तारेच्या जाळीबाहेर उभ्या असतो. आत खेळाडू आणि पंच. मोबाइलवर फोटो काढतो, पण घरी येऊन पाहावं तर तार ठळक आणि लेक पुसट. मग उरतो तो बक्षीस समारंभाचा फोटो. त्यात पाहुणे मधोमध आणि खेळलेली पोर कडेला. तिची धाव, तिचा सूर कुठेच नाही. तो कसा टिपायचा, हे आज समजून घेऊ.

जाळी आड का येते? मोबाइल बहुतेक वेळा जवळची, ठळक वस्तू धरतो. आपण हातभर मागे उभ्या राहिलो, की त्याला तारच आधी दिसते. म्हणून मागे नाही, पुढे सरकायचं. जाळीच्या भोकातून दोन बोटं सहज जातात आणि मोबाइलचं भिंग तर त्याहून लहान. भिंग पदराने पुसा, भोकासमोर आणा आणि मोबाइल जाळीला टेकवा. तार चित्रात येणार नाही, हातही हलणार नाही. मोबाइलला दोन-तीन भिंगं असतील, तर एकेकावर बोट ठेवून पाहा. ज्यामुळे पडदा काळा होईल, ते आपलं भिंग.

फ्लॅश बंद ठेवा, त्याने तारच चमकते. सूर्य आपल्या पाठीशी असू द्या. भिंगाजवळची तार उन्हात चकाकत असेल, तर तिच्यावर तळहाताची सावली धरा. पडद्यावर लेक दिसते तिथे बोट टेकवा. चित्र बोटांनी ताणून फार मोठं करू नका, ते फुटतं. त्यापेक्षा जागा नीट निवडा.

खो-खोचं मैदान २७ मीटर लांब. मधोमध उभं राहिलं तर सगळ्या धावतानाच दिसतात. पण पाठलाग करणारीला मधल्या पट्टीतून आरपार जाता येत नाही. दिशा बदलायची तर खांबाला वळसा घालावा लागतो. म्हणजे खेळ पुन्हा पुन्हा खांबाशी येतो आणि सूरही तिथेच पाहायला मिळतो. खांबाजवळच्या जाळीशी थांबा. कबड्डी असेल, तर मध्यरेषेच्या टोकाशी. पकडीतून सुटून रेषेला हात लावणारी पोर तिथून नीट दिसते.

काही मोबाइलवर बटण दाबून धरलं, की एकामागून एक फोटो निघतात. परसातल्या कोंबड्यांवर आधी सराव करून घ्या!

दोन गोष्टी सांभाळा. कुंपण काटेरी असेल किंवा त्यात वीज सोडलेली असेल, तर जवळ जाऊ नका. फाटकाशी उभ्या राहा. आणि फोटोत दुसऱ्यांच्या मुलीही असतात. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय फोटो गटावर टाकू नका. मुलीचं नाव, शाळा, गाव एकत्र लिहू नका. पडताना कपडे विस्कटलेला फोटो लगेच पुसून टाका. एका फोटोवरून गावात बोलणं झालं, तर मुलीचा खेळ बंद व्हायला वेळ लागत नाही.

चांगला फोटो मात्र छापून घ्या आणि घरात समोरच लावा. येणारा-जाणारा विचारेल, ‘ही कोण?’ तेव्हा उत्तर लेकीलाच देऊ द्या.