हात बरा दिसतो, मग आग कसली? थॅलॅमसची गोष्ट

पैठणहून बोलतोय. रोज कोडिंगवर बडबड करतो, आज मेंदूवर. कारण घरचंच आहे.

मागच्या वर्षी एका सकाळी आजी म्हणाली, "उजवा हात बधिर झालाय रे, अंगाखाली आला असंल." हात हलत होता, बोलणं नीट होतं, तोंड वाकडं नव्हतं. म्हणून आम्ही तेल चोळत बसलो. दवाखान्यात नेलं ते संध्याकाळी. स्कॅनमध्ये दिसलं, डाव्या थॅलॅमसला रक्त नेणारी एक बारीक नळी बंद पडलीय. उजव्या अंगाची जाणीव डाव्या थॅलॅमसकडे जाते, म्हणून हात उजवा.

आता हा थॅलॅमस कुठं असतो? मेंदूच्या अगदी मधोमध, डायएनसेफॅलॉन नावाच्या भागात. डावा-उजवा असे दोन, अंड्याच्या आकाराचे, प्रत्येकी साधारण ३ सेंटिमीटर लांब. याच भागात खाली हायपोथॅलॅमस असतो. भूक, तहान, अंगाचं तापमान तो सांभाळतो. मागे पीनियल ग्रंथी, ती अंधार पडला की झोपेचं मेलाटोनिन सोडते.

थॅलॅमसचं काम आपल्या नाथसागरावरून लगेच कळतं. पाणी वरून येतं, पण डाव्या कालव्याला किती आणि उजव्याला किती, हे धरणावर ठरतं. तसंच डोळे, कान, जीभ, त्वचा यांच्याकडून आलेली खबर आधी थॅलॅमसमध्ये येते आणि मग मेंदूच्या वरच्या थरात जाते. डोळ्यांची खबर एका केंद्रात, कानांची दुसऱ्या, स्पर्शाची तिसऱ्या. फक्त वासाला हा थांबा लागत नाही. आणि गाढ झोपेत हे दरवाजे बरेचसे बंद होतात, म्हणून बाहेरचा गोंगाट आपल्यापर्यंत पोचत नाही.

आजीच्या बाबतीत स्पर्शाचाच दरवाजा बिघडला. काही महिन्यांनी बधिर हातात आग सुरू झाली. गार पाणी लागलं तरी ती कळवळायची. हातावर ना जखम, ना सूज. घरातले म्हणायचे, "वयामुळं मनात घेतलंय." मीही तेच म्हणालो, खोटं कशाला बोलू? पण देजरीन आणि रूसी या डॉक्टरांनी पॅरिसमध्ये १९०६ सालीच हे दुखणं नोंदवलंय. बिघाड हातात नसतो, खबर पोचवणाऱ्या जागेत असतो. वेदना मात्र शंभर टक्के खरी. साध्या वेदनाशामक गोळीनं ती सहसा हटत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं देतात. आजीला त्यानं बराच आराम पडलाय.

म्हणून दोनच गोष्टी लक्षात ठेवा. अंगाची एक बाजू अचानक बधिर झाली तर तेल चोळत बसू नका, १०८ ला फोन लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि लकवा झालेलं माणूस "आग होतेय" म्हणालं, तर आधी विश्वास ठेवा.

हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या आठवड्यात!