मांजराचे मागचे पाय लुळे का पडतात?

रात्री ठणठणीत असलेले मांजर पहाटे मोठ्याने ओरडू लागते. पाहावे तो त्याचे मागचे दोन्ही पाय लुळे पडलेले असतात आणि पुढच्या पायांवर अंग ओढीत ते कोपरा गाठू पाहते. घरची माणसे बहुधा एकच तर्क करतात: कोठून तरी पडले असावे, कंबर मोडली असावी. कधी कधी हा तर्क खराही ठरतो. परंतु पावले थंडगार लागत असतील, तळव्यांच्या गाद्या फिकट वा निळसर दिसत असतील आणि मांडीच्या आतील बाजूस नाडी लागत नसेल, तर दोष कण्यात नसून बहुधा हृदयात असतो. कण्याच्या इजेत पाय लुळे पडले तरी सहसा उबदार राहतात.

हृदयाच्या डाव्या निलयाची भिंत जाड होण्याचा विकार मांजरांत पुष्कळ आढळतो. अशी भिंत पुरेशी सैल पडत नाही. त्यामुळे मागील कप्प्यात, म्हणजे अलिंदात, रक्त तुंबते, अलिंद फुगते व मंदावलेल्या रक्तात गुठळी धरते. ती सुटली की महारोहिणीतून, म्हणजे शरीराच्या मुख्य रक्तवाहिनीतून, वाहत जाते. ही वाहिनी पोटाच्या शेवटी जेथे दोन्ही पायांकडे फाटे देते, तेथे गुठळी खोगिरासारखी बसते. ‘मेन कून’ या अमेरिकी जातीत या हृद्‌विकारास कारण होणारा एक जनुकदोष २००५ मध्ये सापडला. साध्या गावठी मांजरासही हा विकार होतोच.

येथे एक कोडे होते. निरोगी मांजराची महारोहिणी त्याच जागी नुसती बांधली, तर पाय लुळे पडत नाहीत. आजूबाजूच्या बारीक रोहिण्या रक्ताला वाट करून देतात. मग गुठळीनेच असे का व्हावे? १९६१ पासूनच्या प्रयोगांनी याचा उलगडा होत गेला. गुठळीतील बिंबाणूंतून सेरोटोनिन व थ्रॉम्बॉक्सेन ही द्रव्ये सुटतात व त्या बारीक रोहिण्यांनाही आवळून टाकतात. मुख्य रस्ता बंद, आणि आडवाटाही बंद.

वेदना असह्य असतात. त्या पाहवत नाहीत म्हणून पुष्कळदा प्राण्यास वेदनारहित मृत्यू देण्याचा सल्ला दिला जातो. तो निर्दयपणाचा नव्हे, पण दर वेळी अटळही नव्हे. एकच पाय गेला असेल आणि शरीराचे तापमान फार उतरले नसेल, तर आशा अधिक असते. पहिले दोन-तीन दिवस मात्र रुग्णालयातच काढावेत. रक्त पुन्हा वाहू लागले म्हणजे मेलेल्या स्नायूंतील पोटॅशियम एकदम रक्तात येते व हृदय बंद पडू शकते.

घरी आणल्यावर जो उपचार मायेपोटी प्रथम सुचतो, तोच घातक ठरतो. थंड पायांना गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. जाणीव नसलेली कातडी भाजते. तेल लावून रगडू नये. माणसांचे पॅरासिटामॉल तर मांजराला विषच होय. ते निर्विष करण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात तोकडी असते. मऊ, कोरडे अंथरूण द्यावे, दर काही तासांनी कूस बदलावी, लघवी होते की नाही ते पाहावे, ओले अंग पुसावे. मातीचे तसराळे उथळ काठाचे असावे. अन्न सोडू देऊ नये. उपाशी मांजराच्या यकृतात लवकर चरबी साठते. वेदना शमल्यावर पशुवैद्याच्या सल्ल्याने सांधे हलकेच वाकवावेत. बोटे काळी पडत आहेत काय, मांजर ती चावीत आहे काय, याकडे लक्ष असावे. पायांत बळ येण्यास आठवडे लागतात; क्वचित पाऊल कायमचे दुमडलेले राहते.

गुठळी पुन्हा होण्याचे भय असतेच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत, पहिल्या झटक्यातून वाचलेल्या ७५ मांजरांपैकी काहींना ॲस्पिरिन व काहींना क्लोपिडोग्रेल दिले होते. पुन्हा झटका येईपर्यंतचा मध्यक काळ पहिल्या गटात १९२ दिवस, तर दुसऱ्यात ४४३ दिवस भरला. औषध कडू असल्याने मांजर तोंडाला फेस आणते, तरी ते चुकवू नये. शिवाय मांजर गाढ झोपले असता त्याचे श्वास रोज मोजावेत. ते मिनिटास ३० हून अधिक भरू लागले, तर फुप्फुसांत पाणी साचत असल्याची शंका घ्यावी व त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.